सासूबाईंचा हात

आमच्या सासूबाई तट्टाला 'अहो' म्हणत. पोटच्या मुलाला 'अरे', मला 'अगं', मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला 'काय रे, आज उगवलास होय?' आणि तट्टाला मात्र 'अहो, जरा पाय उचला.' लग्न होऊन आले तेव्हा मी याचं कारण विचारलं. म्हणाल्या, "वयाने मोठे आहेत ते. सत्तावीस वर्षांचं तट्टू म्हणजे माणसाची ऐंशी. शिवाय तुझ्या सासऱ्यांपेक्षा जास्त ऐकतात." सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांची बाजू ऐकून घ्यायची सोय नव्हती.

घरामागे दोन एकर जागा. तिथे हे वयोवृद्ध तट्टू, त्याच्या निम्म्या वयाची एक तापट घोडी, अकरा मेंढ्या, एक मेंढा आणि सात बदकं. बदकांना सासूबाई 'मंडळी' म्हणत, कारण ती निघायची सगळी मिळून आणि पोचायची कुठेच नाहीत. पहाटे साडेपाचला त्या गोठ्यात शिरत, त्या चहापुरत्याच बाहेर येत. तट्टाला खरारा करायचा, मेंढ्यांचे वाढलेले खूर कापायचे, घोडीच्या पुढ्यातलं वाळलेलं गवत मुठीत चुरगाळून बघायचं. अंगाने किरकोळ बाई, आणि हाताचा पंजा तर दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. त्या पंजाची आसपास ख्याती होती. कुणाची मेंढी अडली, कोकरू पोटात आडवं आलं, की माणूस धावत आमच्याकडे यायचा. सासूबाई बाही वर सारायच्या, कोपरापर्यंत तेल लावायच्या, डोळे मिटायच्या आणि आत चाचपडता चाचपडता कोकराशी बोलायच्या, "हां, हा गुडघा. दुसरा कुठे ठेवलास बाबा?"

हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी चाललं असतं तर मला फार आवडलं असतं.

मी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरला होते. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी वाकवून बसवायची, नाकावर चष्मा नीट टेकवायचा, म्हणजे दिवसभर आपले हात लोकांच्या नाकापाशी. एकदा एका बाईंनी मान मागे घेतली आणि विचारलं, "इथे जवळपास घोडे असतात का हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी गुलाबाच्या वासाचं महागडं क्रीम घेतलं आणि रोज निघताना ते मनगटापर्यंत चोपडायला लागले. सासूबाईंना ना गोठ्याचा वास यायचा ना माझ्या गुलाबाचा. गवताच्या धुळीने त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं.

दुकानात त्या एकदाच आल्या. चष्म्याचा स्क्रू पडला होता. गमबुटांना शेण तसंच. मालकांनी हळूच मला विचारलं, "कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ओळखीच्या आहेत."

सासूबाईंनी ऐकलं. "हो, चांगलीच ओळख आहे," त्या म्हणाल्या. "एकाच घरात राहतो." मालकांना तो विनोद वाटला आणि ते हसले. मी मान खाली घालून स्क्रू शोधत राहिले. घरी त्यांनी विषय काढला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते एकदाच घडलं असं कुणाला वाटायला नको.

त्या वर्षी पांढऱ्या तोंडाची मेंढी पहिल्यांदाच व्यायची होती. तिला सासूबाईंनी लहानाची मोठी केलेली. मेंढ्या व्यायच्या दिवसांत त्यांचा एक नियम असे, आणि तो त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला होता की त्यांच्या आवाजाची नक्कल करून मी नवऱ्याला हसवायचे: "आईची जीभ फिरेपर्यंत कुणाचा हात फिरायचा नाही." मेंढी पिल्लाला चाटते आणि चाटता चाटता त्याचा वास ओळखीचा करून घेते. तो वास मिळाला नाही तर पोटचं पोरही तिला परकं.

सासूबाई घोडीला घेऊन नालबंदाकडे गेल्या होत्या. मी दुकानात जायला तयार झाले होते, क्रीमसुद्धा लावून झालं होतं. तेवढ्यात गोठ्यातून बारीक आवाज आला. जाऊन बघते तर कोकरू गवतावर पडलेलं, ओलंचिंब, आणि मेंढी दमून भिंतीकडे तोंड करून उभी. पहिला विचार आला की थंडीने जाईल बिचारं. दुसरा विचारही सांगायलाच हवा. दुकानातल्या मुलींना फोटो पाठवावा असं मनात आलं, आणि तसं चिकट, बुळबुळीत कोकरू फोटोत चांगलं दिसलं नसतं. मी घरातून मऊ टॉवेल आणला. नाक, कान, पोट, सगळं पुसून त्याला लख्ख केलं. छातीशी धरलं. मेंढी दोनदा पुढे आली. दोन्ही वेळा मीच तिला कोपराने मागे सारलं, कारण एका हातात फोन होता.

मग कोकरू खाली ठेवलं. मेंढीने हुंगलं, फुरफुरली, आणि डोक्याने असं ढकललं की ते कोलमडून पडलं. उठलं, पुन्हा तिच्याकडे गेलं. तिने पुन्हा पाडलं. एवढ्यात अंगणात घोडीच्या नव्या नालांचा आवाज आला. मी टॉवेल पर्समध्ये कोंबला.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. कोरडं, स्वच्छ कोकरू बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि मेंढीने ते तिसऱ्यांदा पाडलं तसा उतरला. त्यांनी मला विचारलं, "चाटलं ना हिने?"

"हो," मी म्हणाले.

"पुरतं चाटलं? आणि मग ढकलायला लागली?"

मी मान हलवली.

चाटलंय म्हणजे वासाचा प्रश्न नाही, असं धरून सासूबाई कामाला लागल्या. कास दुखत असेल म्हणून शेक दिला. मेंढीला आखूड बांधून चीक काढला आणि कोकराला बाटलीने पाजला. गवत बदललं, पाणी बदललं, कोकराचे दात तिला टोचत असतील म्हणून तेही चाचपून पाहिले. मेंढी काही त्याला जवळ करेना. "चाळीस वर्षांत चाटून टाकलेलं पोर मी बघितलं नाही," त्या सारख्या म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांना उत्तर सापडलं. "आदल्या दिवशी मी गोठा फिनेलने धुतला. तेच भोवलं. व्यायला आलेली मेंढी आत असताना फिनेल! माझीच अक्कल चरायला गेली होती." हे त्यांनी मला सांगितलं, सुताराला सांगितलं, नालबंदाला सांगितलं. प्रत्येक वेळी मी तिथेच होते. तोंडातून ब्र काढला नाही.

आज सांगेन, उद्या सांगेन असं चाललं होतं. खरं तर सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण एका दिवसाने ते अवघड झालं, दोन दिवसांनी फारच अवघड, आणि मग मी स्वतःची समजूत घातली की आता सांगून कोकराला काय उपयोग?

नवव्या दिवशी ते हगवणीने गेलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई बादली पालथी घालून गोठ्यात बसल्या होत्या. बाटली धुऊन ठेवलेली. त्यांनी विचारलं, "आज दुकानात गर्दी होती का गं?" मी हो म्हणाले आणि आत जाऊन साबणाने खसाखसा हात धुतले. क्रीम त्या दिवशी कचऱ्यात टाकलं. एवढंच प्रायश्चित्त मला झेपलं.

त्या आठवड्यात नवरा घरी आला. तो ट्रक चालवतो, पंधरा दिवसांनी उगवतो. आईचा उतरलेला चेहरा बघून तो म्हणाला, "आता पुरे, आई. तुला होत नाही. जनावरं काढून टाकू आणि बाजाराजवळ घर घेऊन राहू." मला वाटलं, आता उडणार भडका. नाकावर माशी बसू न देणारी बाई. पण सासूबाई आपल्या पंजाकडे बघत म्हणाल्या, "खरं आहे तुझं. माझा हात गेला."

बाजाराजवळ राहू या, म्हणून मी दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागले होते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातली गत. व्यापारी सोमवारी येऊन मेंढ्या नेणार असं ठरलं, तट्टू आणि घोडी त्यानंतर. मी शनिवारी नवं घर बघून आले. तिसरा मजला, गॅलरी, कसलाही वास नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटत असतानाच मी खिडक्यांना टेप लावून पडद्यांची मापं घेत होते.

रविवारी सकाळी सुतार धावत आला. त्याच्या कारखान्यामागे पाच मेंढ्या असतात. "काकू, चला. दोन तास झाले, एकच पाय बाहेर आलाय."

सासूबाई तट्टाला खरारा करत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "डॉक्टरला बोलाव."

"डॉक्टर परगावी गेलेत. काकू, असं काय करता? तुम्ही कधी नाही म्हटलंय का?"

"माझा हात राहिला नाही रे. माझं कोकरू मी मारलं. आता तुझी मेंढी घालवू का?" खरारा तट्टाच्या पाठीवर नुसता टेकलेला होता, फिरत नव्हता. सुतार माझ्याकडे बघायला लागला, की मी तरी काही बोलावं.

मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. ओली चादर हातातच राहिली. "आई, तुमच्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तिने चाटलंच नव्हतं. मी पुसलं त्याला, टॉवेलने. माझ्या हातांना क्रीम होतं. ती चाटायला पुढे आली तर मीच तिला ढकललं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

सुतार आपल्या चपलांवरचा भुसा निरखायला लागला. सासूबाई सावकाश वळल्या. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांनी फक्त माझ्या हातांकडे पाहिलं आणि खरारा भिंतीवर ठेवला.

"आधी मेंढी," त्या म्हणाल्या. "तूही चल. हात साध्या पाण्याने धू."

सुताराकडे मी मेंढीचं डोकं धरून बसले. सासूबाईंनी बाही वर सारली, तेल लावलं, डोळे मिटले. मग त्या पुटपुटल्या, "दोघं आहात होय? आणि एकमेकांचे पाय अडकवून बसलात." पाऊण तासात दोन्ही कोकरं बाहेर आली. मेंढी त्यांना चाटायला लागली तसे मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. सासूबाईंनी हात पुसता पुसता सुताराला सांगितलं, "व्यापाऱ्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? उद्या येऊ नको म्हणावं त्याला."

आम्ही पायीच परत निघालो. त्या पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "मी नालबंदाकडून आले तेव्हा किती वेळ झाला होता त्याला जन्मून?"

"वीस मिनिटं. फार तर अर्धा तास."

त्या थांबल्या. "आणि मेंढीची वार पडली नव्हती अजून. कोकरू पोटात ज्यात असतं ती."

"नाही. तुम्ही आल्यावर पडली. तुम्हीच खड्ड्यात पुरलीत."

"मीच पुरली," त्या म्हणाल्या. "वारेला आईच्या पोटातला वास असतो. तीच चोळायची असते गं कोकराला. क्रीम धुऊन काढायचं, वार चोळायची आणि आईपुढे धरायचं. घटकाभराचं काम. पन्नास वेळा केलंय मी. तिने घेतलं असतं त्याला."

त्या दिवशी माझ्या हाताने कोकरू मेलं असं मी इतके दिवस समजत होते. ते तसं नव्हतं.

"हात लावलास तो लावलास," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पण मी तुला विचारलं होतं."

त्या पुढे गेल्या, फाटक उघडलं, आणि मी आत येईपर्यंत ते धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.