एक घर मागे सरकलेला आकडा

बोईसरजवळच्या सरावलीत उत्कर्षाचं घर कुणालाही विचारलं तरी सापडे, पण ती नेमकं काय काम करते हे तिच्या आईलाही धड सांगता येत नसे. शेजारणींनी विचारलं की रखमाबाई म्हणायची, "मशीनला मशीनशी बोलायला शिकवते." हे उत्तर तसं फारसं चुकीचं नव्हतं.

तिचे वडील आनंदा माणदेशातून तारापूरला आले आणि बॉयलरवर उभी हयात काढून निवृत्त झाले. उत्कर्षा पालघरच्या कॉलेजात इंजिनिअर झाली. वर्गातली बहुतेक मुलं पुणं-बंगळुरू गाठून मोकळी झाली. ती राहिली बोईसरातच, नरहरीशेठच्या छोट्याशा कारखान्यात. तिथे वायू मोजणाऱ्या पेट्या बनत. रसायनाच्या टाकीत माणूस साफसफाईला उतरण्याआधी नळीने आतली हवा ओढायची आणि तिच्यात विषारी वाफ किती आहे, ठिणगीने पेट घेईल का, ते सांगायचं, एवढंच त्या पेटीचं काम. पण ते चुकलं तर माणूस परत येत नाही, हे बॉयलरवाल्याच्या लेकीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पेटीच्या पोटात लिनक्स ही संगणकप्रणाली चाले. वायू हुंगणाऱ्या सेन्सरशेजारी एक चिप असे. ती सेन्सरचा वीजदाब आकड्यात बदलून चार तारांवरून मुख्य बोर्डाला पाठवी. या तारांच्या वाटेला एसपीआय बस म्हणतात. त्या वाटेवर कोण बसलंय, किती वेगाने बोलतं आणि घड्याळाच्या ठोक्याच्या कुठल्या काठावर, पहिल्या की दुसऱ्या, त्याचं बोलणं ऐकायचं, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहिणं हेच उत्कर्षाचं काम.

त्या दिवशी दुपारी ती नव्या चिपवर काम करत होती. जुनी चिप बाजारातून गायब झाली होती, म्हणून नरहरीशेठने तिची बहीण शोभेल अशी दुसरी आणली होती. तेवढेच पाय, तोच आकार. उत्कर्षाने मोजलेला वीजदाब चिपला दिला आणि पडद्यावर पाहिलं. आकडा निम्मा. दाब वाढवला. पुन्हा बरोब्बर निम्मा. दाब काढून घेतला, तर शून्याला शून्य.

चिपचं माहितीपत्रक उघडून तिने ठोक्यांची आकृती पाहिली. जुनी चिप ठोक्याच्या पहिल्या काठावर बोलायची, नवी दुसऱ्यावर. कर्नेल अजून जुन्याच सवयीने पहिल्या काठावर कान लावत होता. त्यामुळे प्रत्येक आकडा एक घर मागे सरकत होता, आणि यंत्राच्या शून्य-एकच्या मोजणीत एक घर मागे म्हणजे निम्मा. स्वच्छ हवेत पेटी शून्य दाखवणार आणि सगळं ठीक वाटणार. विषारी हवेत मात्र ती अर्धंच खरं सांगणार.

"शेठ, नव्या चिपची एखादी पेटी बाहेर गेली का?"

नरहरीशेठ फोनवर होते. हात दाखवून थांब म्हणाले.

"शेठ!"

"अगं गेलीय एक. त्या सॉल्व्हंट बनवणाऱ्या कारखान्याची पेटी बिघडली होती, आपल्या केतनने सकाळी जाऊन बदलून दिली. चाचणीचा वायू संपलाय, म्हणून तो देऊन पाहिला नाही, पण स्वच्छ हवेत शून्य बरोबर दाखवत होती. का?"

"आज त्यांची टाकीसफाई आहे."

ती उत्तराला थांबली नाही. लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली. केतनला फोन लावला, तो उचलेना. सॉल्व्हंटच्या कारखान्याचा फोन लावला, तो वाजत राहिला. आत मोबाईल नेता येत नाही हे तिला ठाऊक होतं. सगळे फाटकावरच्या खोक्यात जमा. नवापूर नाक्यावर टँकरांची रांग लागली होती. तिने स्कूटी रस्त्याच्या कडेच्या खडीवरून काढली. एकाने शिवी हासडली, ती तिच्या कानापर्यंत पोहोचलीच नाही.

फाटकावरच्या रखवालदाराने पास मागितला. "मॅडम, बिना पास के नहीं."

"भैया, टँक में आदमी है?"

"हाँ, सफाई चल रही है।"

"उसकी जान खतरे में है। साहब को फोन करो, अभी."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, रिसीव्हर उचलला आणि दुसऱ्या हाताने फाटक ढकललं.

शिफ्टचा प्रमुख इंद्रजीत टाकीपाशीच उभा होता. टाकीच्या तोंडावर उभ्या लोखंडी तिपाईच्या चाकावरून दोरी आत गेली होती आणि बाजूला स्टुलावर तीच पेटी शांतपणे हिरवा दिवा लावून बसली होती. उत्कर्षाने धापा टाकत सांगितलं, की पेटी निम्मा आकडा दाखवतेय.

"मॅडम, उतरायचं परमिट झालंय. आकडा मर्यादेत आहे. गोमा आत गेलाय."

"मर्यादेत दिसतोय. खरा दुप्पट आहे."

"तुमचीच पेटी आणि तुम्हीच म्हणताय खोटी? मग मला दाखवा. दुरुस्त करा, आकडा वाढला तर काढतो बाहेर. असं मधेच काम थांबवलं तर वर काय सांगू मी?"

लॅपटॉप तिच्या खांद्यावर होता. कर्नेलला लिहून दिलेली फाईल बदलायची, पेटी पुन्हा चालू करायची, दाखवायचं. जमलंही असतं. तिचा हात पिशवीच्या चेनकडे गेला आणि तिथेच थबकला.

"नाही साहेब. आधी माणूस वर. फाईल मग."

"मॅडम..."

"मी खोटी ठरले तर वर माझं नाव सांगा. दोरी हलवा."

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं, मग दोरीवाल्याला खूण केली. दोरीवाल्याने ठरल्याप्रमाणे झटका दिला. आतून उलटा झटका यायला हवा होता. आला नाही.

पुन्हा झटका. दोरी लोंबकळतच राहिली.

"गोमा!" इंद्रजीत टाकीच्या तोंडाशी वाकून ओरडला. आवाज आत घुमून तसाच परत आला. आता त्याला कुणी काही पटवून द्यायची गरज उरली नव्हती. तिपाईवरचं चाक फिरू लागलं आणि इंद्रजीत स्वतः त्याला हात लावून जोर देऊ लागला. दोरी ताणली. उत्कर्षाला चाकाच्या करकरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. आधी पिवळं हेल्मेट दिसलं, मग छातीवर पडलेली मान.

त्याला वाऱ्याच्या बाजूला नेऊन आडवं केलं, तोंडावरचं फडकं काढलं, ऑक्सिजनची नळी लावली. बऱ्याच वेळाने त्याच्या पापण्या हलल्या. त्याने हाताने नळी बाजूला सारायचा प्रयत्न केला.

"गोड वास येत व्हता," तो जड जिभेने म्हणाला. "जरा बसलो. मंग काय कळलं नाय."

कारखान्याची रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. उत्कर्षा तिथेच शेडमध्ये खाली बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. नव्या चिपच्या नोंदीत दुसऱ्या काठावर ऐकण्याची ओळ टाकली, फाईल पेटीत चढवली, पेटी बंद करून चालू केली. हवेचा आकडाच गायब झाला. इंद्रजीत मागे उभा होता. तिने कर्नेलने नोंदवलेल्या चुका वाचल्या. घाईत ती ओळ शेजारच्या मेमरी-चिपच्या नोंदीत पडली होती. ती उचलून योग्य जागी ठेवली. पेटी पुन्हा जागी झाली, पंपाने टाकीतली हवा ओढली, आकडा चढत गेला, आणि मर्यादा ओलांडताच पेटी किंचाळू लागली.

इंद्रजीतने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. पेटी किंचाळत होती आणि ती बंद करायचं कुणाच्याच मनात येईना.

संध्याकाळी नरहरीशेठ म्हणाले, "आपली नाचक्की झाली गं." उत्कर्षा म्हणाली, "झाली." मग तिने सांगितलं, की चाचणीचा वायू असल्याशिवाय यापुढे एकही पेटी तिच्या टेबलावरून उठणार नाही, आणि शेठना ते चालणार नसेल तर त्यांनी दुसरं माणूस बघावं. शेवटी शेठनीच वायूचा सिलिंडर मागवायला फोन लावला.

घरी तिने आईला काही सांगितलं नाही. बापाला, आनंदाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोरगा बोलतोय का नीट?"

बोलत होता. दोन-तीन दिवसांनी दवाखान्यातून सुटला आणि पुढच्या आठवड्यात कामावर हजरही झाला. टाकी अर्धवट साफ होऊन पडली होती, कुणीतरी उतरायला हवंच होतं. रात्रभर पंख्याने हवा फिरवली होती. उत्कर्षाने आधी चाचणीच्या वायूने पेटी तपासली, मग नळी टाकीत सोडली. आकडा खाली होता आणि या वेळी खराही होता.

गोमा पट्टे आवळत होता. "ताय, आता हाय ना बराबर?"

"आहे. पण वास आला, तर पेटी काहीही सांगो, वर यायचं."

तो हसला आणि शिडीवरून खाली गेला. दोरीवाल्याने झटका दिला, आतून झटका आला. ती स्टुलाशेजारी उभी राहिली, ऊन डोक्यावर आलं तरी हलली नाही. इंद्रजीतने खुर्ची पाठवली, ती तशीच रिकामी राहिली. पिवळं हेल्मेट पुन्हा उजेडात येईपर्यंत तिने त्या आकड्यावरून नजर काढली नाही.