तालुक्याचे कोड माझ्या खिशात

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुकान उघडं ठेवलं की ते आपोआप येऊन बाकावर बसतात. माझं दुकान म्हणजे अकोल्याकडच्या मालेगावच्या एसटी स्टँडजवळचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कोणीतरी विसरून गेलेली छत्री, एवढा संसार.

फॉर्मला ईमेल लागतो, म्हणून कित्येक वर्षं मी आल्यागेल्याला ईमेल काढून देतोय. ईमेल काढताना मोबाइल नंबर मागतात. आणि तेव्हा लोक स्कीम बदलली की सिम बदलायचे, एक नंबर वर्षभर टिकायचा नाही. मग मी सोय म्हणून सगळ्यांच्या खात्यात माझाच नंबर टाकत गेलो. हुशारीच केली म्हणा ना.

परिणाम असा की पासवर्ड विसरतो कोणी तिकडे मेडशी गावात आणि वाजतो माझा खिसा. नव्या मोबाइलवर कोणी मेल उघडला की सहा आकडी कोड माझ्याकडे. जेवताना, दाढी करताना, पोहरादेवीच्या यात्रेत, मेव्हण्याच्या लग्नात अक्षता टाकताना. बायकोनं काही दिवस नुसतं पाहिलं, मग एकदा सरळ विचारलं, "इतके आकडे कोन पाठवते तुमाले?"

"अख्खा तालुका," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. एखाद्या बाईचं नाव सांगितलं असतं तर लगेच पटलं असतं.

*

वाकोडे गुरुजी रिटायर शिक्षक. त्यांना मी बजावून सांगितलं होतं, पासवर्ड कागदावर लिहून ठेवायचा नाही. गुरुजी नियमाचे पक्के. कागदावर लिहिला नाही.

पुढे एकदा त्यांच्या घरी जायचा योग आला. दारात उभा राहिलो तर भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं, वळणदार अक्षरात 'सुस्वागतम', त्याखाली ईमेल आणि त्याखाली पासवर्ड.

"गुरुजी, हे काय? रस्त्यावरून दिसते ना!"

"मंग? मले चष्म्याबिगर दिसाले पायजे."

"बदला तरी तो."

"बदलवतो. दिवाळीले रंग देतो तवा."

आणि खरंच बदलला. दिवाळीनंतर मला मुद्दाम बोलावून दाखवला. या वेळी हिरव्या रंगात होता.

*

आता एक किस्सा सांगतो, तो हसण्याचा नाही.

मेडशीची रेखा. नर्सिंगचा कोर्स केलेली. अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी तिनं माझ्याकडूनच अर्ज भरला होता. मुलाखतीचं पत्र मेलवर येणार होतं. तिचा नवरा मंगेश गावातच मोटारसायकली दुरुस्त करतो. बायकोनं अकोल्याला नोकरी करावी हे त्याला मंजूर नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी त्याचा फोन आला. "भाऊ, कोड आला असन तुमच्याकडं. सांगा बरं."

"रेखाबाईचा ना?"

"हाव. घरचाच तं हावो मी."

घरचाच आहे म्हटल्यावर मी वाचून दाखवला. पासवर्ड त्याला ठाऊक होताच. लग्नाची तारीख होती, आणि ती त्यानंच ठेवायला लावली होती. त्यानं मेल उघडला, मुलाखतीचं पत्र काढून टाकलं आणि पान्हा घेऊन परत कामाला बसला.

रेखाला कळलं तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेली होती. सकाळच्या एसटीनं ती दुकानात आली. बसली नाही.

"दादा, कोड तुमी देल्ला?"

"हो."

"मले वाटलं, तुमी मले इचारसान."

एवढंच बोलली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी चहा मागवून मोकळा झालो असतो. मला फार लाज वाटली. गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली किल्ली मी पहिल्या मागणाऱ्याच्या हातात ठेवली होती.

दवाखान्यानं तिला सांगितलं होतं की काही महिन्यांनी पुन्हा जागा भरू, पत्र पुन्हा मेलवरच येईल. ते पत्र तिच्याच हाती पडायला हवं होतं. तिथल्या तिथे मी तिचं खातं उघडलं आणि म्हटलं, "माझा नंबर काढू. तुझा सांग."

तिचं सिम मंगेशच्या मोबाइलच्या दुसऱ्या खाचेत होतं.

तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "मी टाकतो. तुमी तिकडं पाहा."

मी पंख्याकडे पाहत बसलो. नंबरही तिनंच टाकला, पासवर्डही तिनंच बदलला. एवढ्या वर्षांत मला तोंड फिरवायला लावणारं ते पहिलं गिऱ्हाईक. जरा लागलं मनाला, पण बरंही वाटलं.

*

त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या खात्यातून माझा नंबर काढायची मोहीम उघडली. दारावर पाटी लावली, 'आपल्या ईमेलमध्ये आपलाच नंबर टाकून घ्यावा.' मला वाटलं, लोक आभार मानतील.

माझं जुनं गिऱ्हाईक देवराव काका पाटी वाचून गेले आणि तासाभरानं गावातली दोन वजनदार माणसं घेऊन आले. तिघं बाकावर बसले. बराच वेळ सोयाबीनचं, पाण्यापावसाचं झालं. मग त्यातला एक घसा साफ करून म्हणाला, "देवरावचं काही चुकलं असन तं सांगा. पन असं तोडू नोका."

मी समजावलं की काका, उद्या मी तुमचा मेल वाचला तर?

"तं वाचा ना," काका म्हणाले. "मी कुठी वाचतो? कोनीतरी वाचाले पायजे."

त्यांच्या खात्यात अजून माझाच नंबर आहे. संबंध टिकले.

*

एक म्हातारं जोडपं आलं होतं. खातं बाईंच्या नावावर. नंबर बदलायचा म्हणून मी त्यांना पासवर्ड विचारला. बाईंनी पदर सारखा केला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"तुमीच सांगा."

"मले काय मालूम तुवा पासवर्ड?"

"मंग मी कशी सांगू?"

"खातं तुवं, पासवर्ड तुवा, अन् सांगू मी?"

बाईंनी पुन्हा कोपरानं ढोसलं. पाच मिनिटं हे चाललं. शेवटी माझी ट्यूब पेटली. मी आजोबांना म्हटलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

"पंढरी."

टाकलं. खातं उघडलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं ते नाव कोणाला सांगितलं नव्हतं, पुढेही सांगणार नव्हती. पासवर्ड बदला असं मी त्यांना म्हटलं नाही. बाबा मात्र परत जाताना जरा ताठ चालत होते.

*

काम झालं की लॉगआउट करा, हे मी दिवसातून पन्नासदा ओरडतो. एकदा एक पोरगी मेल तसाच उघडा टाकून बससाठी पळाली आणि त्याच खुर्चीत देवराव काका येऊन बसले. दहा मिनिटांनी पाहतो तर काका चष्मा पुसून राहिलेले, डोळ्यांत पाणी.

"काय झालं काका?"

"फार्मसी कॉलेजात नंबर लागला म्हन्ते. ह्या वयात." मग हळूच म्हणाले, "अर्ज कवा केला होता तेच आठवून नाई राह्यलं."

खरं सांगायला मला जड गेलं. त्यांना ऐकायला त्याहून जड गेलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी चहाला नाही म्हटलं.

*

आणि आता परवाचं.

मंगेश स्वतः दुकानात आला. मोटारसायकल लावली, खुर्ची ओढली. दवाखान्यातून रेखाला फोन आला होता की पत्र पाठवलंय, आणि तो फोन यानंच उचलला होता. सिम त्याच्याकडे, त्यामुळे फोन त्याच्याकडे.

"भाऊ, रेखाचा पासवर्ड लागून नाई राह्यला. इसरला म्हना अन् नवा काढा."

"रेखाबाईला घेऊन या," मी म्हटलं.

"तिचं काय काम? कोड तं तुमच्याकडंच येते."

आणि मी उठायच्या आत त्यानं 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं. माझा हात आपोआप खिशावर गेला. रेखानं कोणता नंबर टाकला ते मी पाहिलं नव्हतं; माझाच राहिला असला तरी या वेळी कोड सांगायचा नाही, काय व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवून टाकलं होतं. पण खिसा वाजलाच नाही.

पडद्यावर आलं की कोड पाठवला आहे, आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसले. मंगेशनं ते वाचले. पुन्हा वाचले.

"सत्तेचाळीस... हा तं मायचा नंबर हाये."

त्याची आई त्यांच्याच घरात राहते. तिचा बटणांचा मोबाइल. मंगेशला एकदम हसू आलं. "घ्या. हे तं घरातच निंघालं." म्हणजे रेखाचं पत्र पुन्हा गेलं.

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"माय, तुह्या मोबाइलवर आकडे आले का आत्ता?"

"आले. वाजला आत्ताच."

"वाच बरं."

म्हातारीनं विचारलं, "कोन बोलून राह्यला?"

"माय, मी मंगेश."

"नाई."

"नाई म्हंजे? आवाज वळखू नाई येत का मावा?"

"आवाज तं कोनीबी काहाडते," म्हातारी म्हणाली. "मंगेश असता तं त्यानं बायकोलेच इचारलं असतं."

आणि तिनं फोन ठेवून दिला.