बापाच्या खुणेखालची रेघ

गाव स्योंबुआला 'माशीवाली' म्हणायचं. म्हणेना का! मविंगी गावापलीकडच्या रानात कीटकांचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे, तिथं ती कामाला होती. फुललेल्या बाभळीखाली बसायचं, कुठल्या फुलावर कोण येतं ते बघायचं, हवी ती मधमाशी जाळीत धरायची. आटलेल्या नदीच्या वाळूत पाण्यासाठी खड्डा उकरताना बायका फिदीफिदी हसायच्या, "लग्नाचं वय माश्यांमागं घालवलं बयेनं!"

"तुमच्या नवऱ्यांपेक्षा माझ्या माश्या बऱ्या," ती म्हणायची, "कामाला तरी जातात."

तिचा बाप मुसिली. मधमाश्यांसाठी पोकळ ओंडक्यांची पोळी त्यानं झाडाझाडांवर टांगली होती आणि प्रत्येकावर स्वतःची खूण कोरली होती. आमच्याकडे दुसऱ्याच्या खुणेला चोरसुद्धा हात लावत नाही. मरायच्या थोडं आधी त्या झाडांखाली उभा राहून तो म्हणाला, "ही सगळी स्योंबुआची. मध काढताना किमांझी नुसता धूर देत नाही, माश्यांची होळी करतो." किमांझी तिचा धाकटा भाऊ. तो तिथं नव्हता. तिच्यासोबत होते फक्त केंद्राचे प्रमुख, डॉक्टर मुथियानी. त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती.

वारसानं बापाच्या खुणेखाली आपली एक रेघ कोरायची, की पोळं त्याचं झालं. स्योंबुआ पटाशी घेऊन निघालीच होती.

"थांब गं," डॉक्टर म्हणाले. "ठोकठोक केलीस तर माश्या उठून जातील, माझा सगळा अभ्यास बोंबलेल. बहर सरू दे, मग कोर."

माश्या उठतात हे खरंच होतं. थांबली वेडी.

बहर सरला. ती झाडावर चढली आणि वरच थिजली. बापाच्या खुणेखाली ताजी रेघ होती. दुसऱ्या झाडावर तीच, तिसऱ्यावर तीच. गावात असं ठसक्यात कोरणारा एकच हात होता, तिच्या भावाचा.

ती तरातरा पंचांकडे गेली. म्हाताऱ्या क्येंगोनं सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "पोरी, रेघ कुणाची?"

"त्याची. पण बापानं पोळी मला दिली होती. डॉक्टर होते तिथं, विचारा त्यांना!"

डॉक्टर चष्मा पुसत बसले. "मुसिली काहीतरी बोलला खरा," ते म्हणाले. "माझं लक्ष माश्यांकडे होतं. नीट ऐकलं नाही मी."

बाप बोलत होता तेव्हा याच माणसानं मान डोलावली होती, स्योंबुआनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग पोळी किमांझीची," क्येंगो म्हणाला. दुसरं काय म्हणणार तो?

किमांझीला आनंद आवरेना. "डॉक्टर, काळजी नको. तुमचा अभ्यास चालू राहील, ठरलंय तसं."

ठरलंय तसं! म्हणजे "बहर सरू दे" म्हणाले तेव्हाच हे ठरलेलं होतं. पोळी तिची झाली असती तर डॉक्टरांसाठी माश्या धरायला कोण राहिलं असतं? तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण या दोघांसमोर ती रडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काही झालंच नाही अशा आवाजात तिला हाक मारली, "स्योंबुआ, वरच्या पोळ्यातल्या चार माश्या हव्यात. तुझ्या हाताला त्या चावत नाहीत."

झाडाखाली किमांझी उभा होता. दोर तिच्या पुढ्यात धरून तो हसत म्हणाला, "चढ ना, ताई. माझी परवानगी आहे तुला."

तिनं दोराला हात लावला नाही. जाळी डॉक्टरांच्या पायाशी टाकली आणि घरची वाट धरली.