सगळेच उपरे

दगड सापडला की तो आधी चाटायचा. पवनेच्या काठाला उकिडवा बसायचा, दगड जिभेवर फिरवायचा, मग उन्हात धरायचा. "ओला झाला की रंग बोलतो, गेनू," म्हणायचा. पैल्याच दिवशी मीबी एक उचलून चाटला. शेळीची लेंडी निघाली, वाळकी. तुमी हसा, तोबी पोट धरून हसला. तवापास्नं आमची दोस्ती.

पिंपरीला कंपन्या नुकत्या यायला लागल्या व्हत्या, तवाची गोष्ट. हा पुण्याचा शिकलेला माणूस, आदिमाणसाची दगडी हत्यारं हुडकायला सायकलला टोपली बांधून यायचा. गाव त्याला दगडसायेब म्हणायचं. मी त्याचा खणणारा. शाळंची मी निस्ती भिंत सारवलेली, आत बसलो न्हाई. खोल खड्ड्यात उतरायला भ्यालो की वरनं म्हणायचा, "उतर, मी आहे ना."

दुपारी माझी भाकरी तो पुढ्यात ओढायचा. "हा हिंदुस्थान. इथं आधी माणूस नव्हता. मग आला कुठनं? कुणी म्हणतं समुद्राच्या काठाकाठानं, कुणी म्हणतं वरच्या खिंडीतनं. मी म्हणतो दोन्हीकडनं, आणि आत शिरला तो नदी धरून." ठेच्याचं बोट ओढून नद्या काढायचा. ऐकता ऐकता मी वरची खिंड खाऊन टाकली.

"आता बिचारे येणार कुठनं?" तो म्हणाला.

"म्हंजे आपून सगळेच उपरे?"

"सगळेच. कुणी आधी आला, कुणी मागनं."

आमच्यात मिराशी म्हंजे पिढीजात मालक, आन् बाहेरनं येऊन दुसऱ्याची जमीन कसतो तो उपरा. मी उपऱ्याचाच पोर. मला गुदगुल्या झाल्या. चावडीवर जाऊन थेट पाटलालाच म्हणालो, "राम राम, उपरे." गाव लई दिवस हसत व्हतं.

मग दवंडी पिटली. कंपनीला जागा पायजे, गाव उठणार. मी सायेबाला पांढरीवर नेलं. पांढरी म्हंजे आमच्या घराखालची माती, पडक्या घरांवर घरं बांधत उंच झालेली. म्हणालो, "जुनी जागा असंल तर सरकार सोडतं म्हणत्यात. तुमी सांगा की."

त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. "फार जुनी आहे. सांगतो त्यांना. मी आहे ना."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, बांधलेली बोचकी सोड.

चावडीवर मोठा अधिकारी आला. पाटील हात जोडून म्हणाला, "आमी हितले मूळचे, सायेब. मिराशी."

दगडसायेब उठला. मी पुढं सरकून बसलो.

"मूळचं इथं कुणीच नाही, पाटील. माणूस येतो, पुढं जातो. तुमचा गेनूच सांगतो ना गावभर, सगळेच उपरे."

अधिकारी हसला. गावातलं कुणी हसलं न्हाई. समदे माझ्याकडं बघत व्हते. माझा इनोद एवढ्या मोठ्या माणसापुढं कुणी सांगितला, तो त्येवढाच.

आमी माळावर पत्रे ठोकत व्हतो तवा कळलं. वर माणसं नांदत असली की पांढरी खणता येत न्हाई. कंपनीचा पाया पडायच्या आत दगडसायेबाला ती मोकळी पायजे व्हती.

चुलीची माती आणायला मी परत गेलो. आमच्या सैपाकघराच्या जागी तो खड्ड्यात उकिडवा बसलेला, खापराचा तुकडा चाटत.

"सायेब, ते आमच्या आईचं कालवणाचं परळ हाय. गाव उठताना फुटलं."

त्यानं तुकडा उन्हात धरला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

"असू दे, गेनू," म्हणाला. "होईल जुनं."

आन् पेटीत ठेवला.