घासून लख्ख केलेले प्लग

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी नवऱ्याच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग चिंच आणि काथ्या घेऊन घासले. नुसते घासले नाहीत, लख्ख केले. धुतले, पुसले, गॅलरीत उन्हाला ओळीने मांडले आणि शाबासकीची वाट बघत बसले.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत हाताला लागेल ते घासायचं, एवढी एकच कला मला येत होती. कुकरची शिट्टी, दाराची कडी, देवघरातली घंटा. घंटेचा तर मी आवाज बदलून टाकला, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. अशा बाईच्या समोर कुणी काजळी धरलेल्या चार वस्तू वर्तमानपत्रावर ठेवून शेजाऱ्याकडे पाना मागायला जावं? थोडी चूक ह्यांचीही होतीच.

हे बँकेत कारकून. पण रविवार उजाडला की डोकं बोनेटखाली. गाडी सेकंडहँड, आणि त्या उन्हाळ्यात सासूबाईंना तिच्यातून गावी मालवणला न्यायचं ठरलं होतं. नेमकी तेव्हाच ती निळसर धूर मारायला लागली. घाट चढेल की इंजिन उतरवावं लागेल, हे घरच्या घरी ताडायला ह्यांनी प्लग काढले होते. प्लग ज्या सिलिंडरमधून निघतो त्याच्या पोटातली सगळी हकीगत टोकावर घेऊन येतो, हे मला मागाहून कळलं. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असला तर सगळं ठीक. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय. आणि वडे तळलेल्या कढईसारखा काळा, तेलकट निघाला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ऑइल वर चढतंय. मी ती सगळी हकीगत चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत सोडून दिली होती. वर कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा तेही लक्षात ठेवलं नव्हतं. जो जास्त पांढरा निघाला त्याला ओळीत मानाने पहिला बसवला होता.

सासूबाई गॅलरीत आल्या, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ती भांडी न्हय गो, तुझ्या घोवाचे दात ते."

हे परत आले. ओळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोकं खाजवलं. मी रडायच्या तयारीत. पण हे नुसतं "चल खाली" म्हणाले. खाली मला बोनेटशी उभं करून स्पार्कची वायर काढून ठेवली आणि प्लगच्या पहिल्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरायला सांगितलं. स्वतः आत बसून किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि आतून हवेचा असा काही धक्का आला की अंगठा उडालाच. मी एवढी किंचाळले की सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. दुसऱ्याने उडवला, चौथ्यानेही उडवला. तिसऱ्याने नुसता उसासा टाकला, म्हणजे रिंगा त्याच्याच झिजलेल्या. मी वरून ऐकणाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात जाहीर केलं, की तिसरा रुसलाय.

त्या वर्षी आम्ही एसटीने गावी गेलो. रिंगा जणू मीच काथ्याने घासून झिजवल्या, अशा नजरेने सासूबाई सबंध वाट माझ्याकडे बघत होत्या. नंतर इंजिनचं काम झालं. तरी दरवर्षी लांबच्या प्रवासाआधी अंगठा माझाच. ह्यांचं म्हणणं, "माझा अंगठा जाड आहे, मला कळत नाही." खोटं. न बघता नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. पण मीही कधी ते खोटं पाडलं नाही. रविवारी सकाळी चार वेळा उडायला मिळायचं.

हे गेले, गाडी राहिली. मुलगा अधूनमधून ठाण्यापर्यंत फिरवून आणायचा. आता बिल्डिंग पाडून टॉवर होणार. माणसांना भाड्याच्या घरात जागा आहे, गाडीला नाही. मुलगा भंगारात देऊ म्हणाला. तेवढ्यात चेंबूरच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. जुन्या गाड्या हौसेने सांभाळतात, चालवतात. फोनवर त्यांनी एकच विचारलं, इंजिन आतून कसं आहे? आतून गेलेलं असेल तर मला नको.

मुलगा मेकॅनिक बोलवायला निघाला. मी प्लगपाना शोधून काढला.

"आई, या वयात?"

"वय गुडघ्यांना झालंय. अंगठ्याला नाही."

प्लग काढून वर्तमानपत्रावर मांडले. या खेपेला पेनाने कागदावर आकडे घातले. पहिला, दुसरा, चौथा बिस्किटाच्या रंगाचे. तिसरा पुन्हा रुसलेला, काळा, तेलकट. मग वायर काढून मुलाला किल्लीवर बसवलं. पहिल्याने अंगठा उडवला. तोच धक्का, तोच पेट्रोलचा आणि जुन्या लोखंडाचा वास. मी म्हटलं, नीट कळलं नाही रे, पुन्हा फिरव. पुन्हा उडवला. पुन्हा फिरव म्हटलं. कळलं होतं पहिल्यांदाच. तिसऱ्याने आपला उसासा टाकला, पण टाकला.

चेंबूरच्या गृहस्थांना मी काही लपवलं नाही. तिसऱ्याच्या रिंगा दमल्यात, बाकीचे तिघं ठणठणीत, असं सांगितलं. ते हसले. म्हणाले, आजी, तिसऱ्याचं मी बघतो, रविवारी न्यायला येतो. म्हणजे ती रस्त्यावर धावत राहणार. मला हेच हवं होतं.

मुलगा वर गेला. मी प्लग परत बसवायचे म्हणून हातात घेतले आणि बसवेनात. तिसरा हातात धरून किती वेळ त्या काळ्या टोकाकडे बघत राहिले. एकदा मान वळवून ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलंही, आता काय म्हणता, असं विचारायला. सीट रिकामी.

मग फडकं घेऊन अंगठ्याचं ऑइल पुसायला लागले. त्या पहिल्या दिवशी ते ह्यांनी पुसलं होतं, रॉकेलच्या बोळ्याने, जिन्याच्या पायरीवर बसून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "पुढच्या वेळी घासायच्या आधी हाक मार गं मला. काय काळं झालंय ते दोघं मिळून बघू."