मागच्या खोलीतली दोन भोकं

माझ्या मुलाने पिंप्राळ्यात घर बांधलं आणि त्यात हवा ठेवायचं विसरला. हे बोलणं लोकांना लागतं. घर बघायला येणारे म्हणतात, "अक्का, केवढ्या मोठ्या खिडक्या!" मला त्या खिडक्यांचाच राग आहे.

खिडक्या मोठ्या आहेत हे खरं. अर्धी भिंत काचेची, सरकवायची. सरकवायची म्हणजे अर्धी खिडकी कायम बंदच, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन बसते. मागच्या खोलीला पश्चिमेला एक खिडकी आणि बरोबर तिच्या समोर पूर्वेला एक. दोन्ही उघडल्या की उन्हाळ्यातला वारा माती घेऊन एकीतून शिरतो आणि दुसरीतून निघून जातो, मध्ये जे सापडेल ते उडवतो. दोन्ही बंद केल्या की खोलीची भट्टी होते. एकच उघडली तर हवा आत येत नाही, कारण तिला बाहेर पडायला वाट नाही. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पण घराचा नकाशा इंजिनियरने काढला आणि मी चौथी शिकलेली, त्यामुळे मला कोणी विचारलं नाही.

याच खोलीत माझी सून आणि मी उडदाचे पापड लाटतो. होळी झाली की सुरू करतो, आभाळ भरून येईपर्यंत लाटतो. पापड मुळात सासूबाईंचे, मग माझे, आणि गेली बारा-तेरा वर्षं सुनेचे. ती चाळीसगावहून लग्न होऊन आली तेव्हा तिला लाटणंही नीट धरता येत नव्हतं. आता कॉलनीतल्या बायका तिला विचारल्याशिवाय पापडखार घेत नाहीत. माझ्या मुलाला इथे नावाने कोणी ओळखत नाही, "पापडवालीचा नवरा" म्हणून ओळखतात. त्याला ते आवडत नाही. ते मला माहीत आहे.

ज्याने कधी पापड लाटला नाही त्याला सांगते. उडदाच्या पिठाची लाटी पोळपाटावर घेतली की तिला वारा लागता कामा नये. वारा लागला की कड वाळते आणि मधला भाग ओला राहतो. मग लाटणं फिरवलं की कड चिरते. चिरलेला पापड तेलात टाकला की त्याचे तुकडे होतात आणि गिऱ्हाईक आपल्याला नावं ठेवतं. म्हणून पापड लाटताना पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला पडदा. माझ्या सासूबाईंनी हेच केलं. खिडकीच्या फटींत त्या गोणपाट कोंबायच्या. आमच्या जुन्या दोन खोल्यांच्या घरात मीही तेच केलं. घाम पोळपाटावर टपकू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायचं आणि लाटत राहायचं. मिऱ्याची पूड, हिंग, उडदाचं पीठ सगळं त्याच हवेत. सून खोकायची. मी म्हणायचे, "तोंड फिरवून खोक, पिठावर नको." एकदा म्हणाले, "नाटकं करू नको, आम्हाला नाही का लागत मिरी?"

तिला दमा होता. तो नंतर कळला. डॉक्टरांनी तिला तोंडात ओढायचा पंप दिला आणि सांगितलं, कोंदट जागेत बसायचं नाही. आम्ही ऐकून घेतलं आणि घरी येऊन पुन्हा खिडक्या लावल्या.

मग नवीन घरातला पहिला उन्हाळा आला. मागची खोली जुन्या घरापेक्षा मोठी, पण जुन्या घराला वर पत्रा होता, पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधून थोडी तरी हवा यायची. इथे वर स्लॅब आणि चारही बाजूंनी चोख प्लास्टर. एका सकाळी दहाच्या सुमाराला सून लाटता लाटता थांबली. लाटणं हातात तसंच. खांदे वर-खाली होत होते, पण श्वास आत जात नव्हता. ओठांचा रंग गेला. तिने हाताने खिडकीकडे दाखवलं.

मी उठले. बाजेवर सकाळपासूनचे पापड सुती लुगड्यावर पसरलेले होते. मी आधी त्यांच्यावर चादर टाकली. मग खिडकी उघडली.

हे मी लिहिते आहे कारण ते तसंच घडलं. चादर टाकायला फार वेळ लागला नाही. पण आधी चादर टाकली.

पंप ओढल्यावर ती सावरली. मुलगा संध्याकाळी चाळीसगावच्या ऑफिसातून गाडीने परत आला, त्याला सगळं कळलं. चहा पिता पिता त्याने निकाल दिला.

"आता पापड बंद. आजपासून बंद."

"एसी लावू म्हणत होतास ना?" मी विचारलं.

"एसीतही पापड वाळतील. आणि कशाला पाहिजे हे सगळं? आपल्याला काय कमी आहे? नवीन घरात पीठ, मिरी, तेल. पाहुणे येतात, वास येतो."

"दम तिला लागला. तुला वासाची काळजी."

"आई, तू प्रत्येक गोष्ट वाकडी घेतेस."

सून कपबशा उचलायला आली होती. तिने त्या नवऱ्यासमोरून उचलून आत नेल्या. स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "आई, मी बठ्ठं सोडसू, पन पापड नही." म्हणजे सगळं सोडेन, पण पापड नाही. ती ही बोली माझ्याशी फक्त रागात बोलते. एवढंच बोलून भांडी घासायला लागली. ताटल्या आपटल्या नाहीत. तिने त्या आपटल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मला माझे वडील आठवले. मी लाडाने आठवण काढणारी बाई नाही. वडील तापट होते आणि मला चौथीतून काढून त्यांनीच कामाला लावलं. ते धुळ्यात गवंडी होते. मी त्यांच्या हाताखाली विटा आणि पाणी द्यायचे. पण त्यांनी बांधलेल्या एकाही खोलीत मला कधी कोंडल्यासारखं झालं नाही. ते प्रत्येक खोलीला छताखाली दोन भोकं ठेवायचे. एक वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीत, लहान. दुसरं समोरच्या भिंतीत, पण समोरासमोर नाही, तर लांबच्या कोपऱ्यात, आणि मोठं. वाऱ्याच्या बाजूचं भोक सरळ नसायचं. बाहेरचं तोंड खाली, आतलं तोंड वर. त्यामुळे वारा चढ चढून आत येतो आणि छताला लागतो, तिथे त्याचा जोर मोडतो, मग तो पसरत खाली उतरतो. तापलेली हवा दुसऱ्या भोकातून निघून जाते. पावसाचं पाणी आलं तर उतारावरून परत बाहेर. ते म्हणायचे, "पोरी, वारा घरमा येवाले जोयजे, पन आंगवर येवाले नको." वारा घरात यायला पाहिजे, पण अंगावर यायला नको.

हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी आधी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आता व्हेंटिलेटर कोणी ठेवत नाही. जुनी फॅशन आहे ती."

"श्वास घेणं पण जुनी फॅशन आहे का?"

तो हसला. मला हसवायचं नव्हतं. म्हणाला, "एलिव्हेशन खराब होईल." एलिव्हेशन म्हणजे घर रस्त्यावरून कसं दिसतं ते. घराच्या मागे रस्ता नाही, नालीची बोळ आहे, तिथून डुकरं जातात. त्यांच्यासाठी एलिव्हेशन!

मुलाला मी चार वेळा सांगितलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, बघू. दुसऱ्या वेळी म्हणाला, नुकताच रंग दिलाय. तिसऱ्या वेळी मोबाइल बघत "हं" म्हणाला. चौथ्या वेळी म्हणाला, "आई, तुला यातलं काय कळतं?" त्यानंतर मी पाचव्यांदा विचारलं नाही.

सोमवारी तो गाडीला गेल्यावर मी नशिराबादच्या एका गवंड्याला बोलावलं. साठीचा माणूस, सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत छन्नी आणि हातोडा. खोली बघून तो म्हणाला, "अक्का, नवी भिंत आहे. साहेबांना विचारलं का?"

"साहेबाला मी जन्म दिलाय. फोड."

"नंतर मला शिव्या नको."

"शिव्या मला पडतील. मला सवय आहे."

त्याने स्टुलावर चढून पश्चिमेच्या भिंतीत खूण केली. मी म्हटलं, अजून वर. तो म्हणाला, वर बीम आहे. मी म्हटलं, बीमच्या चार बोटं खाली घे, बीमला हात लावू नको. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मग तिथे छन्नी लावली. भोक पडलं, पण सरळ. मी म्हटलं, "असं नाही. बाहेरून खाली, आतून वर." तो म्हणाला, "त्याने काय होतं?" मी सांगितलं. तो स्टुलावरच बसला आणि म्हणाला, "हे माझा आजा करायचा. आता कोण करू देतं, अक्का? ड्रॉइंगमध्ये नसतं." मग त्याने सिमेंट कालवून उतार दिला. दुपारपर्यंत पूर्वेच्या लांबच्या कोपऱ्यातलं मोठं भोकही झालं. दोन्हींना चिमणी शिरू नये म्हणून जाळी ठोकली. सून सगळा वेळ दारात पदर नाकाला लावून उभी होती. आत यायला मी तिला मनाई केली होती, धूळ होती म्हणून. शिकले मी एवढं तरी.

संध्याकाळी मुलगा आला. खोलीच्या दारात चपला घालूनच उभा राहिला.

"भिंत फोडलीस?"

"हो."

"विचारायचं तरी!"

"चार वेळा विचारलं."

"अगं पण माझं घर आहे ना हे?"

"तुझं आहे म्हणून तर फोडली. शेजाऱ्याचं असतं तर पोलीस आले असते."

तो सुनेवर घसरला. "तू का नाही थांबवलंस?" ती म्हणाली, "मला पाहिजे होतं." लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्याने चपला काढल्या. जेवला नाही, मग उशिरा उठून जेवला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही काही मागे लागले नाही.

सिमेंट वाळल्यावर सकाळी सहाला खोली झाडून पुसून घेतली. काचा दोन्ही बंद. मी खोलीच्या मधोमध उदबत्ती लावून ठेवली. वडील असंच बघायचे. धूर तुटला तर समजायचं झोत लागतोय. धूर सरळ उभा राहिला तर हवा मेलेली आहे. आमचा धूर थोडा वर गेला, मग सावकाश कलला आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडे निघाला. सून हातात पोळपाट घेऊन बघत होती. मी म्हटलं, बस.

तिने पहिली लाटी घेतली. लाटली, फिरवली, उजेडात धरली. कड अख्खी होती. दुसरा, तिसरा. दहा वाजले, मग अकरा. बाहेर ऊन तापायला लागलं तसं आम्ही आवरलं. पंप कपाटावर होता तिथेच होता.

मुलाचं सांगते. महिन्याभराने त्याच्या ऑफिसातले दोघं घर बघायला आले. मी दाराआडून ऐकलं. तो मागच्या खोलीत त्यांना भोकं दाखवून म्हणत होता, "इथे मुद्दाम क्रॉस व्हेंटिलेशन ठेवलंय. वारा डायरेक्ट अंगावर येत नाही." ते दोघं म्हणाले, वा, चांगला विचार केलात. त्याने मान हलवली. मी आत जाऊन बोलणार होते. सुनेने माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या आई, भोकं तर राहिली ना." मला अजून राग आहे. पण राग फक्त त्याचा असता तर मी हे लिहायला बसले नसते.

भोकं झाल्यावरच्या त्या पहिल्या सकाळी, काम आवरायच्या आधी, सुनेने मला विचारलं. लाटत होती, मान खाली.

"आई, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो. लहानपणापासून."

"मग जुन्या घरात का नाही केलं?"

भाड्याचं घर होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते खोटं होतं. ते घर आमचंच होतं आणि तिला ते माहीत होतं. गवंडीही होते, छन्नीही होती. मला फक्त सुचलं नाही, कारण पापड चिरत नव्हते. खोकत होती ती, आणि खोकल्याने पापड बिघडत नाही.

मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा पापड जपले."

"ते मला दिसलं होतं," ती म्हणाली. "चादर."

मग तिने लाटलेला पापड बाजेवर टाकला, हात पुढे केला आणि पुढची लाटी मागितली. मी दिली.