दुसऱ्या चिठ्ठ्यांचा डबा

चहाचा कप ती कधीच दुसऱ्यांदा भरू देत नसे. दुकानात कुणी रांग मोडली की मोठ्यानं घसा खाकरायची. पाहुण्याला दोन्ही उशा द्यायची आणि स्वतः हाताची उशी करून झोपायची. कुठेही चादरीची घडी दिसली की हात पुढे व्हायचे. चारी कोपरे जुळलेले नसले तर घडी मोडून पुन्हा घालायची, मग चादर कुणाच्याही घरची असो. चर्चच्या उपासनेत सगळे डोळे मिटायचे, ती उघडे ठेवायची. आणि प्रभूच्या प्रार्थनेत रोजचं अन्न मागण्याची ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. ओळ सरली की पुन्हा हलायला लागायचे.

ही शेवटची सवय फक्त एकीच्या लक्षात आली होती. ती मावशीच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, साहित्यात पदवी घेतलेली, शाळेत भाषा शिकवायची. मावशी तिला ‘पंडित’ म्हणायची. मावशीला सगळं गाव ‘एकचमावशी’ म्हणायचं.

नाव पडलं हॉस्पिटलात. तिथल्या कपड्यांच्या खोलीत तिनं चौतीस वर्षं काढली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर चादरी, कोपऱ्यात शिलाई मशीन, दारात अर्ध्या उंचीचा लाकडी फळीचा अडसर. अडसराच्या अलीकडे मावशी, पलीकडे नातेवाईक.

“अजून एक ब्लँकेट द्या हो. थंडी वाजतेय त्यांना.”

“एकच.”

“म्हातारा माणूस आहे.”

“बाराव्या खाटेवरचा काय पाळण्यातला आहे? तुम्हाला दोन दिली तर त्याला काय देऊ, माझी शाल?”

आणि एकदा खरंच तिनं आपली शाल दिली. ती परत आली नाही. हा किस्सा ती स्वतःच सांगायची आणि शेवटी म्हणायची, “तेव्हापासून कानाला खडा.” पण पुढच्या हिवाळ्यात तिनं दुसरीही दिली, हे हॉस्पिटलातले लोक सांगायचे.

तिची गोष्ट पंडितला तुकड्यातुकड्यांनी कळली. आईवडील लवकर गेले. मागे ही चोवीस वर्षांची आणि बारा वर्षांचा भाऊ. भावाचा ताप मेंदूत गेला. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. मग ही कपड्यांच्या खोलीमागच्या जिन्यावर, मळक्या चादरींच्या गाठोड्यांमध्ये गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “हा एवढा दे. परत काही मागणार नाही.”

भाऊ वाचला. दिलेला शब्द मावशीनं पाळला. चाळीस वर्षं.

हळूहळू तिची खात्रीच झाली की हा नियम तिच्यापुरता नाही. देवाच्या दारालाही अडसर आहे. पलीकडे रांग. प्रत्येकाला एक. दोनदा मागणारा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरचं ओढतो. ती देवावर रागावली नव्हती. उलट तिला त्याची दया यायची. “सांभाळणं सोपं नसतं गं,” ती म्हणायची. “फळ्या रिकाम्या होत जातात आणि माणसं येतच राहतात.”

चर्चच्या दाराशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी होती. शनिवारी ती उघडायचं काम वीस वर्षांपासून मावशीकडे होतं. ती घरी बसून सगळ्या विनंत्या एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवायची, कारण पाळकसाहेबांची नजर अधू होती. रविवारी ते हा कागद वाचायचे आणि मंडळी प्रार्थना करायची.

मावशी चौसष्ट वर्षांची झाली आणि तिच्या पोटात गाठ निघाली. तपासणारा डॉक्टर शिकाऊ असल्यापासून तिला ओळखत होता.

“मावशी, दुखत होतं ना? मग तीन महिन्यांपूर्वी का नाही आलात?”

“उगाच खाट अडवायची कशाला?”

बाहेर आल्यावर पंडित म्हणाली, “या रविवारी तुमच्यासाठी चिठ्ठी टाकूया.”

“माझी मागणी होऊन गेली.”

“चाळीस वर्षांपूर्वी!”

“शब्दाला काय वय असतं, पंडित? तूच शिकवतेस ना मुलांना?”

पंडितनं ऐकलं नाही. शुक्रवारी तिनं चिठ्ठी लिहिली: ‘मावशीसाठी. ती बरी व्हावी. नाहीतर निदान तिची भीती जावी.’ पेटीत टाकली. रविवारी पाळकसाहेबांनी कागद वाचला. परीक्षा, गुडघेदुखी, हरवलेला पुतण्या, घराची भिंत. मावशीचं नाव नव्हतंच.

उपासनेनंतर ती तडक मावशीच्या स्वयंपाकघरात गेली.

“माझी चिठ्ठी कुठंय?”

मावशी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. “कपाट. दुसरी फळी. बिस्किटांचा डबा.”

डब्यात चिठ्ठ्या होत्या. फाटक्या चादरीच्या पट्टीनं बांधलेल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. वहीची पानं, बसची तिकिटं, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा. एकाच माणसाची दुसरी विनंती, कुणाची तिसरी. साठ होत्या. सगळ्यात खाली पंडितचं अक्षर.

“मावशी, हे काय आहे?”

“ज्यांना एकदा मिळालंय, त्यांच्या. फेकल्या नाहीत मी. रांगेत आहेत.”

“तुम्ही या कधी कागदावर घेतल्याच नाहीत?”

“पहिल्यांचं होऊ दे की.”

तिनं खुर्ची ओढली. मधली एक चिठ्ठी तिच्या हाताला लागली. बेकरीवालीची होती. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी गेला, मूत्रपिंडाच्या आजारानं.

“ही पण?”

“तिच्या मुलाला नोकरी लागली होती. आदल्याच वर्षी वाचली होती तिची चिठ्ठी.” मावशीनं सुरी खाली ठेवली. “आपण वाचली असती तर तो जगला असता असं म्हणायचंय तुला?”

“मला माहीत नाही.”

“मग झालं तर.”

“तिला वाटलं असतं ना, की आपण सगळे तिच्यासोबत आहोत.”

मावशीनं पुन्हा सुरी उचलली.

“तुम्ही हॉस्पिटलात स्वतःची शाल दिली होती,” पंडित म्हणाली. “दोनदा. देवाकडे शालसुद्धा नाही का हो?”

मावशीनं सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “कांदा फार झोंबतोय,” आणि तोंड धुवायला गेली.

आजाराची बातमी फुटली होतीच. दोन दिवसांनी बेकरीवाली आली. फडक्यात गरम पाव होता. ती खुर्चीच्या काठावर बसली आणि म्हणाली, “घाबरू नका, मावशी. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.”

“माझे कसले?”

“हे गेले तो आठवडा आठवतो ना? रविवारी मी हॉस्पिटलात होते. हे म्हणाले, चर्चला नाही गेलीस? मी म्हटलं, मावशीला चिठ्ठी दिलीय, आत्ता तिकडे सगळे आपलंच नाव घेत असतील. ह्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. म्हणाले, हो, आत्ताच. आणि शांत झाले बघा. तेवढाच एक आधार होता.”

पंडितनं जमिनीकडे पाहिलं. मावशी गप्प बसली असती तर ती गोष्ट तिथेच मिटली असती.

“नाव घेतलं नव्हतं,” मावशी म्हणाली.

“काय?”

“मी चिठ्ठी पुढे दिलीच नाही. तुझं एक काम झालं होतं म्हणून. माझ्याकडेच आहे ती.”

बेकरीवालीला आधी समजलं नाही. मग समजलं. ती ओरडली नाही. फडक्याची गाठ सोडत होती, ती तशीच सोडत राहिली. पाव टेबलावर ठेवला, फडकं झटकलं, चौकोनी घडी घातली.

“साडेदहाला,” ती म्हणाली. “साडेदहाला मग तिकडे काय चाललं होतं?”

ती गेली तेव्हा दार उघडंच राहिलं. त्या पावाला कुणी हात लावला नाही.

शस्त्रक्रियेसाठी भाऊ आला. बावन्न वर्षांचा, पंप दुरुस्त करणारा, एका कानानं कमी ऐकणारा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो पंडितला म्हणाला, “लोकांना वाटतं, मी नशीबवान. ताईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे मी. जरा वाया जावंसं वाटलं तरी जाता आलं नाही कधी. सिगरेट ओढली तरी वाटायचं, हिची एकुलती एक मागणी मी धुरात घालवतोय.”

खाटेशी जाऊन तो वाकला. “ताई, माझं ऐक. तेव्हा मला मागितलंस. आता मला परत करून टाक. जुना झालोय, एक कान गेलाय, पण घेईल तो. बदल्यात स्वतःला माग.”

मावशी हसली. पोट धरून हसली. “वापरलेला माल परत घेत नाहीत रे.” मग तिचं हसू एकदम थांबलं. “आणि तुला देऊन मला काय करायचंय जगून?”

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. पसरलं होतं. घरी न्या, म्हणाले.

घरी आल्यावर मावशीनं डबा मागितला. टेबल खाटेजवळ ओढायला लावलं. पाठीला दोन्ही उशा घेतल्या, आयुष्यात पहिल्यांदा. आणि उतरवायला लागली. सगळ्या चिठ्ठ्या, पहिलीपासून, मोठ्या अक्षरात. पाळकसाहेबांना तिनं सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, उतरवून दे, एकाच रविवारी सगळ्या वाचू. बेकरीवालीला निरोप धाडला होता. उत्तर आलं नव्हतं.

दिवसाला चार व्हायच्या, कधी दोन. अक्षर बिघडलं की ती कागद बदलून पुन्हा पहिल्यापासून लिहायची. पंडित चिडायची.

“राहू दे ना एखादं वाकडं.”

“साहेबांना दिसणार नाही. परत कुणाचं तरी राहून जाईल.”

मध्येच विचारायची, “ह्या बाई तर गेल्या गं. त्यांची लिहू?”

“लिहा.”

“आता काय देणार तो तिला?”

“मला माहीत नाही, मावशी. तुम्ही लिहा.”

एकदा पंडितनं धीर केला. डब्याच्या तळातली आपली चिठ्ठी काढून कागदाच्या वर ठेवली. “ही आधी घ्या.”

मावशीनं चिठ्ठी वाचली. दुसऱ्यांदा वाचली. ‘भीती’ या शब्दावर तिचं बोट थांबलं. क्षणभर पंडितला वाटलं, आता ही लेखणी टेकवणार.

“मध्ये घुसायचं नाही,” मावशी म्हणाली आणि चिठ्ठी परत तळाशी सरकवली. “एवढ्या लोकांना थांबवलं मी. आता मीच पुढे जाऊ? तोंड कसं दाखवू त्यांना?”

“त्यांना की देवाला?”

“तो तर मला ओळखतच नसेल गं. चाळीस वर्षांत कुठे बोललोय आम्ही? ज्याच्याकडे काही मागायचंच नाही, त्याच्याशी माणूस काय बोलणार?”

पंडितनं पुस्तकांत देवाविषयी बरंच वाचलं होतं. ते सोडून तिनं मावशीच्या पाठीची उशी सरळ केली.

बुधवारी पाळकसाहेब आले. खाटेपाशी त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. भाऊ म्हणत होता, पंडित म्हणत होती, मावशीचे ओठ हलत होते. ती ओळ आली. पंडितनं डोळे उघडले. मावशीचे ओठ मिटले नव्हते. विलग होते, पुढच्या अक्षराच्या तयारीत. मग तिची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली आणि ओठ मिटले.

गुरुवारी दुपारी पंडित शाळेतून आली तेव्हा भाऊ दारात उभा होता. “ताई गेली,” तो म्हणाला.

मावशीच्या अंगावर एकच चादर होती. भावानं नीट घातली होती, पण पायथ्याचे कोपरे जुळले नव्हते. पंडितनं ते जुळवले.

टेबलावर कागद होता. लेखणीचं टोपण उघडं. अडतीस विनंत्या पूर्ण, एकाखाली एक, सरळ ओळीत. शेजारी बेकरीवालीची चिठ्ठी, पेल्याखाली दाबून ठेवलेली. कागदावर एकोणचाळीसचा आकडा. पुढे ‘बेकरीवालीच्या नवऱ्यासाठी. त्याला’ एवढंच.

डब्यात एकवीस चिठ्ठ्या उरल्या होत्या. पंडितची सगळ्यात खाली.